घरी बांधलेल्या स्पोर्ट्स कारसाठी शॉक आणि स्प्रिंग: आधी वजन, मग मोजमाप, शेवटी खरेदी

चॅसीचं वेल्डिंग संपून ती चाकांवर उभी राहिली, की बहुतेकांची पहिली मोठी ऑर्डर जाते ती शॉक आणि स्प्रिंगांची. चकचकीत शॉक लागले की सांगाडा एकदम गाडीसारखा दिसायला लागतो, त्यामुळे मोह समजण्यासारखा आहे. पण त्या घडीला गाडीचं वजन माहीत नसतं, मागे-पुढे ते कसं विभागलंय हे माहीत नसतं, आणि चाक जितकं हलतं त्याच्या किती पट शॉक हलतो हेही कुणी मोजलेलं नसतं. मग विक्रेत्याला सांगितलं जातं, "हलकी स्पोर्ट्स कार आहे, जरा कडक द्या." तो बिचारा अंदाजाने देतो. पुढे गाडी उंच बसते, कॉलर (स्प्रिंग जिच्यावर टेकते ती शॉकवरची फिरती रिंग) तळाला टेकवली तरी खाली येत नाही, खड्ड्यावर चाक जमीन सोडतं, आणि मालक महिनोन्‌महिने डँपरची (शॉकमधला डोलणं थांबवणारा भाग) बटणं फिरवत राहतो. बटणांनी हे सुटत नाही, कारण चूक स्प्रिंगेत असते आणि स्प्रिंगेतली चूक क्रमात असते.

उदाहरणासाठी लोटस सेव्हन या हलक्या, उघड्या, दोन सीटच्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या घाटाची गाडी घेतो. ब्रिटनमध्ये अशा गाड्या घरच्या गॅरेजमध्ये चौकोनी नळ्यांची चॅसी जोडून बांधल्या जातात. इंजिन, हब, डिफरन्शियल वगैरे भाग जुन्या फोर्ड एस्कॉर्ट, सिएरा किंवा माझदा एमएक्स-५ मधून येतात (तिला डोनर गाडी म्हणतात) आणि पूर्ण झालेली गाडी आयव्हीए, म्हणजे एकेका गाडीला मान्यता देणारी सरकारी तपासणी, पार करून रस्त्यावर येते. भारतात ही वाट जवळपास बंद आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे नव्या वाहनाचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, आणि तो खर्च एका गाडीसाठी कुणाला परवडत नाही. तरी फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या रेसिंग गाड्यांच्या स्पर्धेसाठी गाडी बांधणाऱ्या कॉलेजच्या संघांना खालचे बहुतेक टप्पे जसेच्या तसे लागू होतात. फक्त आकडे बदलतील.

## तयारी: काय जवळ हवं

चार वजनकाटे, प्रत्येकी किमान २५० किलोपर्यंतचे. विकत घेणं जड जात असेल तर क्लबकडून किंवा एखाद्या ट्रॅक संघाकडून दिवसभरासाठी मागून आणा. त्याशिवाय पोलादी टेप, व्हर्नियर, ओळंबा, पाणसळ, दोन जॅक, चार भक्कम स्टँड आणि चालकाच्या वजनाइतकी वाळूची पोती. वही हवीच. फोनवर घेतलेल्या नोंदी ग्रीसच्या हातांनी होत नाहीत आणि सहा महिन्यांनी सापडतही नाहीत.

जमीन सपाट हवी. गॅरेजच्या फरशीला दाराकडे उतार असतोच, म्हणून चार चाकांच्या जागा खडूने आखून पाणसळीने उंची पाहा आणि जिथे कमी असेल तिथे पातळ फरशा किंवा पत्रे घाला. चारही जागा एक-दोन मिलिमीटरच्या आत एका पातळीत येईपर्यंत पुढे जाऊ नका.

## टप्पा १: शॉकच्या जागी नकली दांडा

शॉक अजून घ्यायचे नाहीत, तर गाडी उभी कशावर राहणार? दांड्यांवर. २५ मिमीची चौकोनी नळी घ्या, भिंत २ मिमी. तिच्या आत २० मिमीची नळी सरकते. दोन्हींना दहा-दहा मिलिमीटरवर भोकं पाडा, आठ मिमीचा बोल्ट आरपार घाला. दोन्ही टोकांना शॉकच्या डोळ्याच्या मापाच्या बुश-नळ्या वेल्ड करा. असे चार दांडे बनवायला एक संध्याकाळ लागते आणि चुकीच्या खरेदीचे पैसे वाचतात.

या दांड्यांवर गाडी तुम्हाला हव्या त्या उंचीवर बसवा. उंची ठरवताना चाकाची कमान किती भरते ते पाहू नका, सर्वांत खाली लोंबणारी वस्तू पाहा. सेव्हनच्या घाटाच्या गाडीत ती बहुधा इंजिनची ऑइल संप (खालचं तेलाचं भांडं) असते. ब्रिटनमध्ये रस्त्यावरचा अधिकृत उंचवटा १०० मिमीपर्यंत असू शकतो, आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधकही १०० मिमी उंचीचाच आहे, आणि गल्लीतल्या हौशी गतिरोधकांना तर मापच नाही. आपल्या उदाहरणात संपखाली १०० मिमी मोकळं ठेवलं आहे.

सावधान: नकली दांड्यांवरची गाडी गॅरेजमध्ये ढकलण्यापुरतीच. इंजिन चालू करून फेरी मारायची नाही. आणि या गाडीखाली शिरायचं असेल तर स्टँड लावूनच.

## टप्पा २: चारही चाकांचं वजन

इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर, बॅटरी, सीट जागेवर असू द्या. टाकी अर्धी भरा. बॉडीचे पत्रे अजून लागले नसतील तर त्यांच्या वजनाची पोती साधारण त्याच जागी ठेवा. चालकाच्या सीटवर चालकाच्या वजनाची पोती किंवा खुद्द चालक. अँटी-रोल बार (वळणावर झुकणं कमी करणारी, डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी दांडी) असेल तर एका बाजूने सोडवून ठेवा.

आपल्या गाडीचे आकडे असे धरू: पुढे डावं १५०, पुढे उजवं १५२, मागे डावं १६८, मागे उजवं १७०. एकूण ६४० किलो.

यातलं सगळं वजन स्प्रिंगेवर नसतं. चाक, टायर, हब, अपराइट (हब धरणारा उभा भाग), ब्रेकची डिस्क आणि कॅलिपर हे थेट रस्त्यावर बसलेले असतात. हे सगळं काढून एकत्र काट्यावर ठेवा. विशबोन (चाकाला चॅसीशी जोडणारे हात), शॉक आणि ड्राइव्हशाफ्टचं अर्धं वजन त्यात मिळवा. आपल्या उदाहरणात हे प्रत्येक कोपऱ्याला पुढे २५ आणि मागे ३० किलो येतं. म्हणजे स्प्रिंगेवरचं वजन पुढच्या प्रत्येक कोपऱ्यात १२६ किलो, मागच्या प्रत्येक कोपऱ्यात १३९ किलो. मागे एस्कॉर्टसारखा अखंड ॲक्सल असेल तर तो पूर्ण तोलून निम्मा-निम्मा वाटा. तिथे वजा होणारा आकडा बराच मोठा असतो आणि विसरला तर मागची स्प्रिंग नक्की कडक येते.

तपासणी: पुढचं डावं अधिक मागचं उजवं, आणि पुढचं उजवं अधिक मागचं डावं, या दोन बेरजा जवळपास सारख्या हव्यात. इथे दोन्ही ३२० आहेत. मोठा फरक दिसला तर एखादा दांडा लांब-आखूड आहे किंवा जमीन वाकडी आहे. ते आधी सुधारा.

## टप्पा ३: मोशन रेशो मोजणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे घाई नको.

चाक वर-खाली होतं तेव्हा शॉक तितकाच हलत नाही. तो विशबोनवर आतल्या बाजूला बसलेला असतो आणि तिरका असतो, म्हणून कमी हलतो. शॉकची हालचाल भागिले चाकाची हालचाल म्हणजे मोशन रेशो. चाक ५० मिमी वर गेलं आणि शॉक ३० मिमी दबला, तर रेशो ०.६०.

मोजायची रीत अशी. चॅसी स्टँडवर घट्ट बसवा, ती हलता कामा नये. एका कोपऱ्यातला नकली दांडा काढा. अपराइटखाली जॅक लावा. चाक बसवलेलं ठेवा किंवा हबच्या मध्यावरून ओळंबा सोडा, पण उंची चाकाच्या मध्यावरच मोजा. राइड हाइट, म्हणजे दांड्यांवर ठरवलेली उभी उंची, शून्य धरून १० मिमीच्या पायऱ्यांनी वर ७० आणि खाली ६० मिमीपर्यंत जा. प्रत्येक पायरीला शॉकच्या वरच्या आणि खालच्या बोल्टच्या मध्यांमधलं अंतर व्हर्नियरने किंवा ताणलेल्या टेपने लिहून घ्या. बोल्टची जागा हलत नाही ना, हे दर वेळी बोट लावून पाहा.

आता शून्याच्या आसपासच्या पायऱ्या पाहा. चाक १० मिमी वरून १० मिमी खाली गेलं आणि शॉकचं अंतर १२ मिमीने बदललं, तर १२ भागिले २० म्हणजे ०.६०. मग टोकाकडच्या पायऱ्यांतही हेच करा. वर जाताना रेशो वाढत असेल तर उत्तम, चाक दबेल तशी गाडी आपोआप थोडी कडक होते. वर जाताना रेशो घटत असेल, म्हणजे शॉक आडवा होत चालला असेल, तर ब्रॅकेटची जागा आत्ताच बदला. अजून रंग लागलेला नाही, ग्राइंडर हाताशी आहे. नंतर हे काम कोणी करत नाही आणि ती गाडी कायम खालच्या टोकाला आदळत राहते.

आता महत्त्वाचं. स्प्रिंगेचा कडकपणा चाकापाशी किती जाणवतो हे काढताना रेशोचा वर्ग घ्यायचा असतो. रेशो एकदा बलात लागतो आणि एकदा अंतरात. ०.६० चा वर्ग ०.३६, म्हणजे स्प्रिंगेच्या कडकपणाचा जेमतेम तिसरा हिस्सा चाकाला मिळतो. रेशो ०.७० असता तर ०.४९ मिळाला असता, म्हणजे तीच स्प्रिंग ३६ टक्के जास्त कडक. म्हणूनच "अमक्याच्या सेव्हनला तमकी स्प्रिंग छान चालते" या सल्ल्याचा तुमच्या ब्रॅकेटशी काडीचा संबंध नसतो.

नेहमीच्या तीन चुका इथेच सांगतो. पहिली, बॉल जॉइंटपाशी मोजणं. रस्त्याचं बल चाकातून येतं, तिथलंच अंतर धरा. दुसरी, प्रत्यक्ष मोजलेल्या रेशोला पुन्हा शॉकच्या कोनासाठी गुणणं. प्रत्यक्ष मोजलं तेव्हा कोन त्यात आलेलाच असतो. तिसरी, उलटा रेशो. काही विक्रेते चाक भागिले शॉक असं लिहितात आणि १.६७ म्हणतात. फोनवर बोलताना "चाक ५० हलतं तेव्हा शॉक ३० हलतो" असंच सांगा, गोंधळाला जागा उरत नाही.

मागच्या बाजूला हेच सगळं पुन्हा. आपल्या उदाहरणात मागचा रेशो ०.८०, वर्ग ०.६४. अखंड ॲक्सलवाल्यांनी एक लक्षात ठेवावं: दोन्ही चाकं एकत्र उचलली तर एक रेशो येतो आणि एकच उचललं तर दुसरा. स्प्रिंग निवडायला पहिला वापरा.

## टप्पा ४: कडकपणा किती हवा, हे हर्ट्झमध्ये ठरवा

"कडक" आणि "मऊ" या शब्दांना वजनाशिवाय अर्थ नाही. २०० पौंड प्रति इंचाची स्प्रिंग एका गाडीत दगड असते, दुसरीत गादी. म्हणून स्प्रिंगेवरचं वजन सेकंदात किती वेळा वर-खाली व्हायला बघतं, ती वारंवारता आधी ठरवायची. साध्या घरगुती गाड्या १ ते १.५ हर्ट्झच्या दरम्यान असतात. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कार १.५ ते २. फक्त ट्रॅकवर पळणाऱ्या, पंख नसलेल्या गाड्या २ ते २.५. त्याच्या वरचे आकडे पंखांवरच्या हवेच्या दाबाने जमिनीला चिकटणाऱ्या रेसिंग गाड्यांचे आहेत, तुमच्या कामाचे नाहीत.

रस्त्यावर आणि अधूनमधून ट्रॅक डेला वापरायच्या हलक्या गाडीसाठी मी पुढे १.६ आणि मागे १.८ हर्ट्झ घेईन. मागची वारंवारता १० ते २० टक्के जास्त ठेवायची, कारण उंचवटा पुढच्या चाकांना आधी लागतो आणि मागचं टोक उशिरा हलायला लागतं. मागचं थोडं जलद असलं की ते पुढच्याला गाठतं आणि गाडी झुल्यासारखी पुढे-मागे डोलत नाही.

पहिल्यांदा बांधणारे जवळपास सगळेच इथे जास्तीचा आकडा निवडतात. कृपा करून तसं करू नका. ६४० किलोच्या गाडीला वळणावर झुकायला फारसं वजनच नाही. खडबडीत रस्त्यावर टायर जमिनीला चिकटून राहणं, हीच तिची सगळी पकड आहे.

## टप्पा ५: हिशेब

चाकापाशी हवा तो कडकपणा = स्प्रिंगेवरचं वजन × (६.२८ × वारंवारता) चा वर्ग. उत्तर न्यूटन प्रति मीटरमध्ये येतं, हजाराने भागलं की न्यूटन प्रति मिलिमीटर.

पुढे: ६.२८ × १.६ = १०.०५, वर्ग १०१. त्याला १२६ ने गुणलं की साधारण १२,७००, म्हणजे १२.७ न्यूटन प्रति मिमी. हे चाकापाशी. स्प्रिंगेसाठी ०.३६ ने भागा: ३५.४.

मागे: ६.२८ × १.८ = ११.३, वर्ग १२८. गुणिले १३९, म्हणजे १७.८. भागिले ०.६४: २७.८.

ब्रिटनमध्ये स्प्रिंगा पौंड प्रति इंचात मिळतात. एक पौंड प्रति इंच म्हणजे ०.१७५ न्यूटन प्रति मिमी. पुढची २०२ येते, मागची १५९. जपानी स्प्रिंगांवर किलो प्रति मिमी लिहिलेलं असतं. तिथला १ म्हणजे ५६ पौंड प्रति इंच.

पुढे २०० सरळ घ्या. मागे १५० की १७५? इथे गाडीचा वापर विचारात घ्या. १५० घेतली तर एकट्या चालकासह १.७५ हर्ट्झ, १७५ घेतली तर १.८९. सेव्हनमध्ये सीट मागच्या ॲक्सलला अगदी खेटून असतात, त्यामुळे शेजारी ७५ किलोचा माणूस बसला की त्यातलं बहुतेक वजन मागे जातं. १७५ च्या स्प्रिंगेवर तेव्हा मागे १.७४ आणि पुढे १.५२ राहतात, प्रमाण बरोबर. नेहमी दोघं फिरणार असाल तर १७५. एकट्याने ट्रॅकवर जाणार असाल तर १५०. हा लेख पुढे १७५ धरतो.

तपासणी: डोनर गाडीची स्प्रिंग सोबत आली असेल तर ती या आकड्यांशी ताडून पाहा. ती बऱ्याच जड गाडीसाठी बनलेली असते. "आहे तर लावून टाकू" हा विचार बाजूला ठेवा.

## टप्पा ६: शॉकची लांबी आणि प्रवास

आता टप्पा ३ मधली वही उघडा. राइड हाइटला पुढच्या शॉकच्या दोन बोल्टमधलं अंतर समजा २९० मिमी आहे. पूर्ण उघडा ३३० आणि पूर्ण बंद २३५ मिमी असा शॉक पाहिला, तर खाली जायला ४० आणि वर जायला ५५ मिमी मिळतात. चाकापाशी हे ०.६० ने भागून ६७ आणि ९२ मिमी होतात. उभ्या गाडीत शॉकचा एकूण प्रवास ३५ ते ४५ टक्के खर्च झालेला असावा. इथे ४२ आहे.

पण चाक ९२ मिमी वर गेलं तर १०० मिमीवरची संप रस्त्यापासून जेमतेम ८ मिमी उरते. टायर दबला की तेही संपलं. म्हणून बंप स्टॉप, म्हणजे शॉक पूर्ण बंद होण्याआधी त्याला अडवणारा मऊ ठोकळा. २५ मिमी उंचीचा फोमचा स्टॉप पूर्ण दाबून साधारण निम्मा होतो असं धरा. मग शॉकला वर ५५ ऐवजी ४३ मिमी मिळतात, चाकाला ७२. संपखाली २८ मिमी राहतात. स्टॉपला स्पर्श चाक ५० मिमी वर गेल्यावर होतो, म्हणजे रोजच्या चालवण्यात तो मध्ये येत नाही.

फॉर्म्युलावाल्यांच्या नियमात चाकाचा किमान प्रवास ५० मिमी आहे आणि चालक बसलेला असताना त्यातला किमान २५ मिमी वरच्या दिशेने. तो पास होण्यापुरता आकडा आहे. रस्त्यावरच्या गाडीसाठी त्यावर समाधान मानू नका.

सावधान: शॉक स्वतःच्या आत आदळून थांबता कामा नये. वर जाताना बंप स्टॉप थांबवेल. खाली जाताना शॉक पूर्ण उघडण्याआधी ब्रेकचा पाइप ताणला जात नाही, बॉल जॉइंट टोकाला अडत नाही आणि ड्राइव्हशाफ्टचा सांधा बाहेर येत नाही, हे स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा.

## टप्पा ७: स्प्रिंगेची लांबी

स्प्रिंगेवर येणारं बल म्हणजे कोपऱ्याचं वजन नव्हे. ते रेशोने भागून येतं. पुढे १२६ × ९.८१ = १,२३६ न्यूटन, भागिले ०.६० = २,०६० न्यूटन. २०० पौंडांची स्प्रिंग म्हणजे ३५ न्यूटन प्रति मिमी, तर उभ्या गाडीत ती ५९ मिमी दबलेली असेल.

यातून दोन परीक्षा घ्यायच्या.

पहिली: चाक लोंबतं तेव्हा स्प्रिंग सैल पडते का? उभ्या गाडीत ती ५९ दबलेली आहे आणि शॉक आणखी ४० उघडतो. १९ मिमी दाब उरतो, स्प्रिंग जागेवर राहते. आता "जरा कडक"वाल्यांची ३५० पौंडांची स्प्रिंग घेऊन पाहा. ती उभ्या गाडीत ३४ मिमीच दबते, शॉक ४० उघडतो, म्हणजे ६ मिमी मोकळी. उंचवट्यावरून उतरताना ती कॉलरवरून सरकू शकते. अशा वेळी खाली मऊ हेल्पर स्प्रिंग लावावी लागते. पण आधी एवढ्या कडक स्प्रिंगेची खरंच गरज आहे का, ते विचारा.

दुसरी: चाक पूर्ण वर गेलं तेव्हा वेटोळी एकमेकांना टेकतात का? ९ इंची, म्हणजे २२९ मिमीची स्प्रिंग उभ्या गाडीत १७० मिमी उरते. शॉक पूर्ण बंद झाला तर आणखी ५५ मिमी जाऊन ११५ मिमी. तिची बंद उंची ८७ मिमी असेल तर भरपूर जागा आहे. तीच स्प्रिंग ८ इंची घेतली तर पूर्ण बंद शॉकला ८९ मिमी उरतात. दोन मिलिमीटरचा फरक! बंप स्टॉप एखाद्या दिवशी झिजून तुटला की वेटोळ्यांवर वेटोळी आपटणार आणि ब्रॅकेट फाटणार. स्प्रिंग मागवताना बंद उंची लेखी विचारा, आणि बंप स्टॉप नाहीच असं धरून हिशेब करा.

आतला व्यास शॉकच्या कॉलरशी जुळायला हवा. ब्रिटनमध्ये १.९ इंच आणि २.२५ इंच ही नेहमीची मापं. स्प्रिंगेवरचा क्रमांक वाचायला शिका: लांबी, आतला व्यास, कडकपणा हे तीन आकडे बहुतेकांवर छापलेले असतात. काही कंपन्या इंच-पौंडात लिहितात, काही मिलिमीटर-न्यूटनमध्ये. ६० मिमीची स्प्रिंग २.२५ इंचाच्या कॉलरवर बसतेय असं वाटतं, पण ती जवळपास तीन मिलिमीटर सैल असते.

## टप्पा ८: डँपर

स्प्रिंग वजन पेलते, डँपर तिचं डोलणं थांबवतो. त्याचाही हिशेब रेशोच्या वर्गानेच होतो, आणि इथून एक गोष्ट निघते जी पुष्कळांना खरी वाटत नाही: आपल्या गाडीत पुढचं टोक हलकं असूनही पुढचे डँपर मागच्यांपेक्षा जोरदार हवेत.

हिशेब: क्रांतिक अवमंदन (डोलणं पूर्ण थांबायला लागणारा किमान रोध) = २ × √(चाकापाशीचा कडकपणा × वजन). पुढे २ × √(१२,६०० × १२६), साधारण २,५२०. शॉकपाशी नेण्यासाठी ०.३६ ने भागलं की ७,०००. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारला त्याचा ०.४ हिस्सा धरा: २,८००. म्हणजे शॉक सेकंदाला ०.१ मीटर वेगाने हलत असताना सरासरी २८० न्यूटन. उघडताना बंद होण्याच्या दुप्पट रोध ठेवला, तर उघडताना ३७० आणि दबताना १९० च्या आसपास. मागे हेच काढलं की २७५ आणि १४० येतात.

हे आकडे, वजन, रेशो आणि स्प्रिंग एका कागदावर लिहून उत्पादकाला द्या आणि डायनोचा आलेख (कुठल्या वेगाला शॉक किती रोध देतो ते दाखवणारा) मागा. गॅझ, प्रोटेक, नायट्रॉन यांसारखे ब्रिटिश उत्पादक अशा गाड्यांसाठी शॉक बनवतात. चारही कोपऱ्यांना एकच शॉक देतो म्हणणाऱ्याला "मग वाल्व्हिंग (आतल्या झडपांची जुळवणी) कुठल्या टोकासाठी?" हा प्रश्न जरूर विचारा.

साधा ट्विन-ट्यूब की गॅसचा मोनोट्यूब? पहिल्या गाडीला चांगला ट्विन-ट्यूब, एका बटणाचा, पुरतो. तो फार आडवा बसवू नका आणि उलटा तर नकोच, तेलात हवा शिरते. बसवण्याआधी उभा धरून चार-सहा वेळा पूर्ण दाबा-ओढा. मोनोट्यूब कसाही बसतो, पण त्यातला गॅस दांडा सतत बाहेर ढकलतो. १६ मिमीचा दांडा आणि १५ बार दाब असेल तर ३०० न्यूटन. आपल्या गाडीत तेवढ्याने पुढचं टोक साधारण १४ मिमी उंच बसतं, म्हणून कॉलरला खाली त्या प्रमाणात जागा ठेवा.

मोटरसायकलचे शॉक स्वस्त आणि सहज मिळतात, म्हणून आपल्याकडे ते फार वापरले जातात. त्यांचं वाल्व्हिंग त्या गाडीच्या वजनाला आणि तिथल्या रेशोला जुळवलेलं असतं. स्प्रिंग बदलता येते, आतलं वाल्व्हिंग तसंच राहतं. ६४० किलोच्या गाडीला ते लावू नका.

## टप्पा ९: बसवणं आणि उंची जुळवणं

शॉकचा बोल्ट दोन पत्र्यांच्या मध्ये, दोन्ही बाजूंनी धरलेला हवा. एकाच बाजूने लोंबणारा बोल्ट वाकतो. नकली दांडा बसला होता तिथे शॉक हाताने सहज बसला पाहिजे. पान्याने ओढून बसवावा लागत असेल तर ब्रॅकेट तिरकं आहे आणि शॉकचा दांडा वाकड्या जोराने झिजेल.

विशबोनचे रबरी बुश असतील तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर, खऱ्या उंचीवर असतानाच आवळा. हवेत लोंबताना आवळले तर रबर पिळून बसतं, स्वतःच स्प्रिंग बनतं आणि काट्यावरचे आकडे खोटे येतात.

मग उंची. कॉलर फिरवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, हे एकदा मनात पक्कं करा. कॉलर १ मिमी वर केली की पुढचं टोक साधारण १.७ मिमी उचलतं, बस. आणि एक कोपरा उचलला की खाटेच्या एका पायाखाली चकती सारल्यासारखं होतं: भार त्या कोपऱ्यावर आणि त्याच्या तिरप्या समोरच्यावर जातो. म्हणून काट्यांवर गाडी ठेवूनच फिरवा, चालक सीटवर, टाकी अर्धी. दर बदलानंतर गाडी पुढे-मागे ढकलून बसू द्या. तिरप्या बेरजा सारख्या झाल्या की लॉक रिंग आवळा, त्यानंतरच चाकांची अलाइनमेंट आणि दिव्यांची दिशा.

## टप्पा १०: रस्त्यावर

आधी टायरमधली हवा. डोनर गाडीचा ३० पीएसआयचा आकडा इतक्या हलक्या गाडीला फार होतो. १८ ते २० पासून सुरुवात करा. शॉक कडक आहेत अशी तक्रार करणाऱ्या कितीतरी गाड्या नुसती हवा कमी करून शहाण्या होतात.

शॉकच्या दांड्यावर एक प्लास्टिकचा झिप-टाय बांधा आणि खाली सरकवून ठेवा. फेरी मारून आल्यावर तो जिथे थांबलाय तिथपर्यंत शॉक दबला होता. नेहमीच्या रस्त्यावर तो बंप स्टॉपच्या अलीकडे राहावा. खड्ड्यात एखादवेळ स्टॉप चुरडला तर हरकत नाही. तो जेमतेम दहा-पंधरा मिलिमीटर हलला असेल तर स्प्रिंग कडक आहे.

बटण सर्वांत मऊ ठेवून निघा. एक ओळखीचा उंचवटा निवडा, वेग तोच ठेवा, दोन-दोन क्लिक वाढवत जा. गाडी उंचवट्यानंतर दोन-तीनदा डोलत असेल तर आणखी वाढवा. एकदा वर येऊन बसली की थांबा. त्याच्या पुढे गेलात तर ओळीने येणाऱ्या उंचवट्यांवर शॉकला उघडायला वेळ मिळत नाही, गाडी दर धक्क्याला थोडी खाली बसत जाते आणि शेवटी स्टॉपवर येते. लोक याला "स्प्रिंग मऊ आहे" समजून आणखी कडक स्प्रिंग मागवतात. आधी दोन क्लिक मागे घेऊन पाहा.

क्लिक नेहमी पूर्ण बंद टोकापासून मोजा आणि चारही आकडे वहीत तारखेसह लिहा. अँटी-रोल बार जोडायचा तो यानंतर, आणि तोही गाडी वळणावर खरोखर जास्त झुकत असेल तरच. पहिल्या ३०० किलोमीटरनंतर शॉकचे आठही बोल्ट, लॉक रिंग आणि बंप स्टॉप तपासा. स्प्रिंगा थोड्या बसतात, तेव्हा उंची काट्यावर पुन्हा एकदा जुळवून घ्या.